कोमट पाणी

८ जानेवारी

डॉ. नम्रतांनी सांगितलंय, काय खाल्लं आणि कधी दुखलं ते रोज लिहून ठेवा. तो कागद फ्रिजवर चिकटवलाय, माझी सून सावनीच भरते. ही वही मात्र माझी. ट्रेझरीत जन्म गेला, पण स्वतःबद्दल चार ओळी लिहायची वेळ कधी आली नव्हती.

गेल्या गुरुवारची गोष्ट. सकाळी घावन खाताना घास छातीच्या मध्यावर अडकला. वाटलं, उतरेल. तर आतून कोणी मूठ आवळावी तशी कळ आली, थेट पाठीपर्यंत. मी टेबलाची कड धरून बसले. सावनी बँकेत जायच्या गडबडीत होती, हातात कंगवा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कंगवा तिथेच टाकला. "आई, बोलू नका. माझ्याकडे बघा. बघा माझ्याकडे." एकीकडे रिक्षावाल्याला फोन लावत होती. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते.

वरद जाऊन वर्ष उलटलं. माझा एकुलता एक मुलगा, चौतीस वर्षांचा. त्याच्याही छातीतच दुखत होतं. "अ‍ॅसिडिटी आहे गो, जरा पडू दे," असं सावनीला म्हणून आडवा झाला तो उठलाच नाही. ती शेजारी बसून त्याची पाठ चोळत होती. मी पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत होते.

दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं व्यवस्थित. डॉक्टर हसून म्हणाल्या, "काकू, तुमचं हृदय ठणठणीत आहे." वरदच्या आईचं हृदय ठणठणीत.

१७ जानेवारी

आज दुर्बीण घालून पाहिलं. आत जखम नाही, गाठ नाही. तरी दुखतं ते दुखतंच. काल पाणी पितानासुद्धा आलं. फ्रिजमधलं होतं म्हणून असेल. डॉक्टर म्हणतात, अन्ननलिकेच्या स्नायूंचा दाब मोजायला हवा, त्याचं यंत्र इथे नाही, कोल्हापूरला जा.

सावनीने लगेच रजा टाकली. मी म्हटलं, "अगो, किती रजा घेशील माझ्यापायी?" तर म्हणते, "दुसऱ्या कोणासाठी घ्यायच्या आहेत?"

३० जानेवारी

कोल्हापूरला जाऊन आलो. नाकातून बारीक नळी घालतात, आडवं झोपवतात आणि घोट घोट पाणी गिळायला लावतात. समोर पडद्यावर रंगीत पट्टे दिसत होते. तिथला मुलगा म्हणाला, तुमची अन्ननळी वरून खाली क्रमाने आवळायला हवी, ती मधेच एकदम आवळते. पायात गोळा येतो ना, तसा इथे येतो.

म्हणजे माझ्या छातीत गोळा येतो. एवढं कळल्यावर निम्मं दुखणं कमी झाल्यासारखं वाटलं.

येताना आंबा घाटात चहाला थांबलो. मला तेवढा गरम चहा चालत नाही, म्हणून सावनीने दोन पेल्यांत वरखाली करून निववून दिला. मग फोन आला तशी ती लांब झाडाखाली जाऊन बोलत उभी राहिली. बराच वेळ बोलत होती. मधेच हसली. वरद गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. सलिल असणार, तिचा भाऊ. चिपळूणला असतो, पण बहिणीची चौकशी किती करतो! भाऊ असावा तर असा.

१२ फेब्रुवारी

आता घरातलं सगळं माझ्या नळीच्या तब्येतीने चालतं. जेवणाआधी एक गोळी. रात्री एक अगदी छोटी, ती मुळात मनाच्या आजाराची आहे म्हणे, पण कमी मात्रेत नळी शांत करते. पाण्यात पुदिन्याच्या अर्काचे थेंब. फार गार नाही, फार गरम नाही. घास लहान, चावून चावून, आणि एक उतरल्याशिवाय दुसरा नाही. रात्रीचं जेवण उजेड असताना, आणि जेवल्यावर लगेच पडायचं नाही. डॉक्टरांनी सावनीला बजावलंय, "छातीतलं प्रत्येक दुखणं पेटकाच असं धरून चालू नका. घाम आला, हातात कळ गेली, नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, तर सरळ घेऊन या." ते ऐकताना ती मान हलवत होती, एखाद्या शाळकरी मुलीसारखी.

पेटका आला की ती माझ्यासमोर जमिनीवर बसते, कोमट पाण्याचा पेला पुढे करते. "एक घोट. श्वास सोडा, हळू. आता दुसरा." तिच्या आवाजाबरोबर मूठ हळूहळू सुटत जाते.

मऊभात आणि कुळथाचं पिठलं, हे माझं जेवण. तीसुद्धा तेच खाते, माझ्याइतकंच सावकाश. बँकेत उशीर होतो, पण आधी उठत नाही. आम्ही दोघी बोलत मात्र नाही फारसं. वरदचं नाव तर घेतच नाही.

२ मार्च

आज जेवताना सावनी म्हणाली, "आई, बदलीचे अर्ज निघालेत. पणजीला जागा आहे."

"पणजीला कशाला?"

"काही नाही. विनोद सर म्हणत होते."

"कोण विनोद?"

"आमच्या शाखेत होते, त्यांची झाली तिकडे बदली. तुम्ही पाहिलंय त्यांना. वरदच्या दिवसांना आले होते, मागे उभे होते."

मला आठवेना. भाताचा घास तोंडातच होता. तो गिळला आणि इतक्या जोरात कळ आली की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अर्धा तास तरी गेला असेल. सावनी समोर बसलेली, पेला हातात. शेवटी म्हणाली, "राहू दे हो आई. मी काही अर्ज केलेला नाही."

दुखणं खरंच होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

२५ मार्च

डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली, त्याचा गुण येतोय. आठवडाभर कळ नाही. आज दुपारी एकटीच होते. डब्यातलं एक कडबोळं काढलं आणि घाबरत घाबरत तुकडा मोडला. गेला खाली. आख्खं संपवलं, मग दुसरंही. छाती गप्प. मला रडूच आलं. किती दिवसांनी काहीतरी कुरकुरीत खाल्लं!

संध्याकाळी सावनीला सांगणारच होते. ती दारात आली, चपला काढायच्या आधी नेहमीसारखं विचारलं, "आज कसं?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "आहे तसंच."

का, ते मला सांगता येणार नाही. ती लगेच पदर खोचून मऊभात टाकायला गेली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. घरात दुसरं माणूस आहे असा आवाज.

८ एप्रिल

अजून सांगितलेलं नाही. रोज म्हणते, उद्या. मधूनमधून छातीवर हात ठेवते, ते आता सवयीनेच होतं. फ्रिजवरच्या कागदावर सावनी लिहिते: 'दुपारी थोडं.' मी सांगते तसं लिहिते.

दुपारी कडबोळी खाते. मागच्या आठवड्यात डबा तळाला गेला होता, मनात भीती होती, विचारेल. काल बघते तर डबा काठोकाठ भरलेला. कोणी पाहुणे यायचे असतील म्हणून आणून ठेवली असावीत.

सलिलचा फोन आला होता. म्हणाला, "काकू, ताई बरी आहे ना? दोन महिने झाले, माझा फोनच उचलत नाही." मला नवल वाटलं. मग ही रोज गॅलरीत उभी राहून बोलते कोणाशी? बँकेचीच कामं असतील. माणसांना घरी आल्यावरही सोडत नाहीत हल्ली.

१९ एप्रिल

तपासणीला गेलो. डॉक्टर नम्रतांनी वजन केलं. वाढलंय. "छान! गिळायला त्रास?" मी म्हटलं, "मधूनमधून होतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सावनीकडे पाहिलं. मला बाहेर बसायला सांगितलं, सावनीला औषधं समजावायची होती.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. त्या खोलीत एसी फारच असतो. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. आहे ते चालू ठेवा म्हणाल्या."

मग आमच्या नाचणे रोडला लागेपर्यंत माझा हात तिने हातात धरून ठेवला होता.

४ मे

हे कालचं. काल लिहायला हात वळला नाही.

सकाळी सलिल अचानक आला. सावनी बँकेत. मी त्याला आमरस दिला. वाटी तशीच ठेवून तो म्हणाला, "काकू, मी स्पष्टच बोलतो. विनोद चांगला माणूस आहे. वर्षभर थांबलाय. ताईचं मन आहे, पण ती हो म्हणत नाही. मी विचारलं तर म्हणते, आईंना बरं नाही. तुम्हाला हे ठाऊक असेलच."

मी म्हटलं, "हो, ठाऊक आहे."

मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. झाडाखाली ती हसली होती ते डोळ्यांपुढे आलं.

सलिल गेला. मी दिवसभर वरदच्या खोलीत बसून होते. ती दुसऱ्या कोणाची तरी होणार, आणि त्या घरी वरदचा फोटो कसा असेल? नसेलच. मग तो फक्त माझ्यापाशी उरणार, आणि माझ्यानंतर कोणापाशीच नाही.

सावनी आली. "आज कसं?" म्हणाली. मी छाती धरून खाली बसले. कळ नव्हती. एवढीशीसुद्धा नव्हती. मी डोळे मिटून कण्हले आणि म्हटलं, "हातात जातेय गो."

मला वाटलं होतं ती पेला घेऊन समोर बसेल. ती धावली. अनवाणी रस्त्यावर जाऊन रिक्षा अडवली. रिक्षात मला छातीशी धरून सारखी पुटपुटत होती. आधी मला नीट ऐकू येईना. "झोपू नकोस. मी झोपू देणार नाही. झोपू नकोस." मला ती कधी अगं-तुगं करत नाही. ती माझ्याशी बोलतच नव्हती.

ईसीजी चांगलाच येणार होता. मी आत पडले होते आणि दाराच्या फटीतून ती दिसत होती, कॉरिडॉरमध्ये फरशीवर बसलेली. बाक रिकामा असताना फरशीवर. पाय धुळीने माखलेले, एका अंगठ्यातून रक्त येत होतं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले.

मला ओरडून सांगायचं होतं, अगो ऊठ, काही झालेलं नाही मला. मी डोळे मिटून पडून राहिले.

घरी आलो. तिने भात टाकला. पेटका आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, काय खाल्लं होतंत? काल तिने तो विचारलाच नाही.

११ मे

आज रविवार. परवाच सावनीला म्हटलं, "विनोदला जेवायला बोलाव." ती माझ्याकडे बघतच राहिली. "सलिल बोलला?" "हो."

सकाळी मी एकटी मिरकरवाड्याला गेले. वरद गेल्यापासून बंदरावर पाऊल टाकलं नव्हतं. चांगली सुरमई मिळाली. तळली, सार केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. विनोद आला. सावळा, थोडा टक्कल पडलेला, बोलताना चष्मा सारखा वर करतो. आत येताना वरदच्या फोटोपुढे थांबला आणि चपला बाहेर ठेवल्यात ना हे उगाच परत पाहून आला. घाबरला होता बिचारा.

पानावर बसलो. सावनीने माझ्यासाठी वेगळा मऊभात केला होता. तो मी बाजूला सरकवला आणि भाकरी घेतली. मोठा तुकडा मोडला, सुरमईबरोबर खाल्ला. मग दुसरा. मधे पाणीही घेतलं नाही.

"आई, हळू," सावनी म्हणाली.

"काही होत नाही. बरी आहे मी आता. बरेच दिवस झाले." तिच्याकडे न बघताच बोलले. "त्या दिवशीसुद्धा काही झालं नव्हतं."

तिचा हात पानावरच थांबला. धक्का बसला असणार. पण ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "अजून एक भाकरी वाढू?"

"वाढ."

विनोदला काही कळलं नसावं. तो म्हणाला, "काकू, तुम्हीही चला पणजीला. घर मोठं आहे."

"नको रे बाबा. नव्या घरात जुन्या घराची आई कशाला?"

तो गेल्यावर सावनी भांडी घासत होती. मी ओटा पुसत होते. पाण्याचा आवाज चालू ठेवूनच ती बोलली. "आई, तुम्ही आजारी होतात ते मला बरं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मला ठरवायला लागत नव्हतं."

मला नीटसं समजलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती तशीच घासत राहिली, एकच पातेलं, कितीतरी वेळ.

२४ जून

काल नोंदणी पद्धतीने लग्न झालं. सलिल होता, विनोदचे आईवडील होते. साक्षीदारांत माझी सही. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही मुलीच्या आई का?"

सावनीनेच उत्तर दिलं. "हो."

आज सकाळी दोघं गेली. जाताना तिने गोळ्या खणात लावून दिल्या, पुदिन्याची नवी बाटली ठेवली. वरदचा एक फोटो मागितला. मी म्हटलं, "विनोदला चालेल?" म्हणाली, "त्यानेच सांगितलं, विचारून घे."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मी आत आले आणि फ्रिजवरचा कागद काढून टाकला.

२० जुलै

लिहिण्यासारखं काही घडत नाही. एकटीसाठी भात टाकायचा म्हणजे चमचाभर तांदूळ. कधी उभ्यानेच खाते. जेवण पाच-दहा मिनिटांत आटपतं, समोर टीव्ही. गोळ्या घ्यायच्या राहतात. बरी होते तेव्हा आठवण करून द्यायला माणूस होतं, आता ती करून द्यायला फक्त दुखणं. गेल्या आठवड्यात दोनदा कळ आली. खरी. पोळीचा तुकडा मोठा होता.

सावनी रोज संध्याकाळी फोन करते. मी सांगते, सगळं छान. तिला तिकडे स्थिर होऊ दे. एकदा तिला खोटं दुखणं सांगून पळवलं, आता खरं सांगितलं तर तशीच अनवाणी धावेल. मला ते पुन्हा बघायचं नाही.

१६ ऑगस्ट

डॉ. नम्रतांकडे जाऊन आले. रागावल्या. गोळ्या पुन्हा वेळेवर, घास लहान, आणि म्हणाल्या, "जेवताना कोणीतरी सोबत असू द्या काकू. तुमची नळी घाई ओळखते." सोबत आणायची कुठून? समोरच्या घरात आजीबाई आहेत, त्यांना विचारीन म्हणते, दुपारी इकडे येऊन जेवाल का म्हणून. त्याही एकट्याच असतात.

१९ ऑगस्ट

आज संध्याकाळी जेवायला बसले होते. भात आणि पिठलं, लहान घास, सगळं सांगितल्याप्रमाणे. तरी आली. नेहमीचीच, ओळखीची, हातात वगैरे गेली नाही. पण जोरात होती. पाण्याचा पेला घ्यायला उठले आणि तेवढ्यात फोन वाजला. सावनी. उचलला नसता तर तिला काळजी लागली असती.

"जेवलात?"

"हो," मी म्हटलं. एवढा एकच शब्द, तोही जेमतेम. आवाज अगदी नेहमीसारखा ठेवला होता.

मग म्हणाली, "आई, मला आज खूप सांगायचंय. तुम्ही बोलू नका, नुसतं हूं म्हणा. आणि बोलता बोलता मला सवय आहे ना घोट घोट पाणी प्यायची, तुम्हीही घ्या माझ्याबरोबर. कोमट आहे ना?"

"हूं."

मग ती सांगत सुटली. पणजीच्या बाजारात नारळ किती मोठे मिळतात. शेजारची बाई कोकणी बोलते आणि हिला निम्मंच कळतं. विनोदला पोळ्या लाटता येतात पण एकही गोल होत नाही. खिडकीतून नदी दिसते, तिच्यावरून माल वाहणाऱ्या बार्जेस जातात, अगदी सावकाश. मधेच थांबायची. "घेतला घोट? मग पुढे ऐका." कपाटावर वरदचा फोटो ठेवलाय, विनोदनेच खिळा ठोकून मग उतरवला, भिंतीवर नको म्हणाला, रोज हातात घेता यायला हवा. त्याचं नाव तिने इतक्या सहज घेतलं, जणू आम्ही रोजच घेत आलोय. आपल्याकडे आंब्याचं झाड होतं, त्यावर वरद चढला होता, मग उतरता येईना, तुम्हीच शिडी आणली होती ना?

"हूं," मी म्हटलं. आणली होती.

मूठ केव्हा सुटली ते कळलंच नाही. पेला रिकामा झाला होता. तिने एवढं बोलून दमल्यासारखा श्वास सोडला आणि म्हणाली, "आता बरं वाटलं. ठेवू?"

नव्या घरात माणसाला सांगायचं किती साठतं! तासभर एकटीच बोलत होती पोर. बरं झालं, तिला माझं काहीच कळलं नाही.